एनिस्क्रोनचं शेवाळस्नान

'शेवाळ' हा शब्द आपल्या घरांत सावध करण्यासाठी वापरला जातो. विहिरीच्या पायऱ्या असोत, पावसाळ्यातली गच्ची असो की नदीचा घाट, "जपून, शेवाळ आहे" हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मात्र लोक पैसे मोजून शेवाळात पडून राहायला जातात. फॅशन म्हणून नव्हे, तर पणजोबा जात होते म्हणून.

त्या किनाऱ्यावर स्लायगो परगण्यात एनिस्क्रोन नावाचं छोटं गाव आहे. समोर किलाला उपसागर आणि सुमारे पाच किलोमीटर लांब वाळूचा किनारा. किनाऱ्यालगत किलकलेन कुटुंबाचं स्नानगृह आहे. ते १९१२ साली सुरू झालं आणि आजही त्याच कुटुंबाकडे आहे. मुलगा डब्लिनला नोकरी करतो, त्याच्याकडे मी आणि सासूबाई गेलो होतो, तेव्हा त्यानेच ही सहल ठरवली. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी बेजार. थंड हवेत त्यांच्या हातापायांची कातडी भेगाळते, ती वेगळीच. "आजी, समुद्राच्या शेवाळात बसायचंय," असं नातवाने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, शेवाळ काढायला लोक माणूस लावतात, आणि तू मला त्यात बसवतोस?"

डब्लिनच्या कॉनली स्थानकावरून स्लायगोची गाडी निघते. तीनेक तासांचा प्रवास. वाटेत हिरवी कुरणं, दगडी बांध, मेंढ्या आणि दर अर्ध्या तासाने बदलणारं आभाळ. 'स्लायगो' हे नाव मूळ आयरिश भाषेतल्या 'शिंपल्यांची जागा' अशा अर्थाच्या शब्दावरून आलं आहे. गावाच्या एका बाजूला बेन बुल्बेनचा डोंगर उभा आहे, माथ्यावर सपाट, कडे तुटलेले. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो. दुसऱ्या बाजूला नॉकनारी टेकडी आणि तिच्या माथ्यावर दगडांची प्रचंड रास. ती राणी मेव्हची समाधी, असं लोक मानतात. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांची कबर बेन बुल्बेनच्या पायथ्याशी ड्रमक्लिफला आहे. रवींद्रनाथांच्या इंग्रजी 'गीतांजली'ला प्रस्तावना लिहिली ती याच येट्सनी, आणि ते पुस्तक निघालं १९१२ साली, म्हणजे एनिस्क्रोनचं स्नानगृह उघडलं त्याच वर्षी. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे टब गीतांजलीएवढा जुना!" आणि तेवढ्यानेच ते साल आम्हा तिघांच्याही लक्षात राहिलं.

स्लायगोहून एनिस्क्रोनला मोटारीने साधारण तासभर लागतो. स्नानगृहाची इमारत बाहेरून अगदी साधी आहे. सुगंधी मेणबत्त्या, मंद संगीत, पांढऱ्या झग्यातल्या बायका, असं स्पाचं चित्र मनात घेऊन गेलात तर चुकल्यासारखं वाटेल. आत जुन्या काळचे मोठाले चिनीमातीचे टब आहेत, त्यांना पितळेचे जाडजूड नळ आहेत, आणि नळातून येतं ते समुद्राचं पाणी, गरम आणि गार. टबाशेजारी वाफेची लाकडी पेटी आहे. तिच्यात बसायचं, दार लावून घ्यायचं आणि डोकं तेवढं बाहेर ठेवायचं. सासूबाईंना पेटीत बसवून दार लावलं तेव्हा फक्त त्यांचा चेहरा दिसत होता, कुंकवासकट. "कपाटात कोंडलेल्या बाईसारखी दिसतेय ना मी?" त्यांनी विचारलं. दिसत होत्याच.

वाफ घेऊन झाली की टबात उतरायचं. तिथे शेवाळाचा ढीग आधीच गरम पाण्यात पडलेला असतो. ह्या शेवाळाचं शास्त्रीय नाव फ्युकस सेराटस. त्याच्या चपट्या पात्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात, आणि 'सेराटस' म्हणजेच करवती. समुद्रातून काढताना त्याचा रंग तपकिरी-शेवाळी असतो. गरम पाणी लागलं की ते काही क्षणांत हिरवंगार होतं. आपली मेथी-पालक शिजवताना काळपट पडते, इथे नेमकं उलटं घडतं. शेवाळात मुळात हिरवं द्रव्य असतंच, पण एका तपकिरी रंगद्रव्याने ते झाकलेलं असतं. उष्णतेने तो तपकिरी पडदा विरतो आणि खालचा हिरवा रंग वर येतो. टबातलं पाणी मात्र हळूहळू चहासारखं पिंगट होत जातं.

खरी गंमत स्पर्शात आहे. थोड्या वेळाने पात्यांमधून बुळबुळीत रस सुटायला लागतो. जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करल्यावर येतो तसा, किंवा कोरफडीचा गर हाताला लागतो तसा. लोक त्याला 'शेवाळाचं तेल' म्हणतात, पण ते तेल नव्हे. तो आहे अल्जिनेट नावाचा, पाणी धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ. तपकिरी शेवाळाच्या पेशींच्या भिंती त्याच्याच असतात. भरतीत लाटांचा मार आणि ओहोटीत तासन्‌तास ऊन-वारा, हे दोन्ही सोसायचं तर अंग लवचिक हवं आणि ओलही टिकायला हवी. शेवाळ स्वतःसाठी हा रस करतं, आणि तासभर आपण तो उसना घेतो. त्याचा पातळ थर कातडीवर बसतो, ओल अडवून धरतो आणि अंग मऊ लागतं.

अल्जिनेट आपल्याला अनोळखी नाही. १८८०च्या दशकात स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने ते शेवाळातून वेगळं काढलं. आज कवळीचं माप घेताना दंतवैद्य तोंडात जो थंडगार लगदा दाबतात, तो बहुतेक वेळा अल्जिनेटचाच असतो. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे शेवाळ माझ्या तोंडात आधीच जाऊन आलंय. मग आता अंगाला लागलं तर काय बिघडतं?"

टबातून उठायचं ते सावकाश. डोक्यावरची साखळी ओढली की समुद्राच्या गार पाण्याचा झोत अंगावर येतो. तरुणांनी तो जरूर अनुभवावा. सासूबाईंनी साखळीकडे नुसतं पाहिलं आणि मान हलवली.

आता मुद्द्याचा प्रश्न. गुडघे बरे झाले का?

नाही झाले. त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई हलक्या पावलांनी किनाऱ्यावर बऱ्याच लांब चालून आल्या. रात्री गाढ झोपल्या. हातांच्या भेगा दोन-तीन दिवस तरी मऊ होत्या. चौथ्या दिवशी गुडघे पुन्हा होते तसेच. आयर्लंडमध्ये संधिवाताचे लोक पिढ्यानपिढ्या ह्या स्नानाला येत आले आहेत. सुगीची कामं उरकली की शेतकरी कुटुंबं समुद्राकडे यायची आणि अंग शेकून परतायची. गरम पाण्यात सांधे सैल होतात, खाऱ्या पाण्यात शरीराचा भार हलका होतो, तासभर कोणी हाक मारत नाही. ह्या तिन्हींचा आराम खरा आहे. पण ह्या स्नानाने संधिवात मुळापासून जातो, शरीरातलं 'विष' बाहेर पडतं, कातडीतून भरपूर आयोडिन आत जातं, असे दावे जेवढे मोठे आहेत तेवढे त्यांचे पुरावे मोठे नाहीत. त्वचेला मऊपणा आणि शरीराला विसावा, एवढं हे स्नान नक्की देतं. माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून घेताना आपण तरी कुठे रोग बरा होण्याची वाट पाहतो?

तेल-उटण्याची आठवण आम्हा दोघींनाही तिथे झाली. अभ्यंगाला जशी घाई चालत नाही, तशी इथेही चालत नाही. फरक एवढाच, की अभ्यंगाचं साहित्य वाण्याकडे मिळतं आणि ह्या स्नानाचं साहित्य समुद्राच्या वेळेनुसार मिळतं. फ्युकस सेराटस किनाऱ्याच्या खालच्या पट्ट्यात वाढतं. ओहोटी चांगली खोल लागल्याशिवाय ते हाती येत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. कोकणातल्या कोळ्याला जे पंचांग पाठ असतं, तेच स्लायगोच्या शेवाळ कापणाऱ्यालाही पाहावं लागतं. चंद्र दोघांचा एकच.

कापण्याचीही रीत आहे. शेवाळाला जमिनीतल्या झाडासारखी मुळं नसतात. बुडाशी एक चिवट गाठ असते, तिने ते खडकाला धरून राहतं. जाणता माणूस ते ओरबाडत नाही. गाठ आणि तिच्यावरचा बराचसा भाग राखून वरचा शेंडा कापतो, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या खडकाकडे वळतो. राखलेल्या भागातून नवी पाती फुटतात. त्या पात्यांच्या आडोशाला गोगलगायी, खेकडे, माशांची पिल्लं राहतात. गाठ उपटली की खडक उघडा पडतो आणि ह्या सगळ्यांचं घर जातं. टबात वापरून झालेलं शेवाळही वाया जात नाही, त्याचं उत्तम खत होतं. त्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अॅरन बेटांवर तर उघड्या चुनखडकावर वाळू आणि शेवाळ यांचे थर घालून माणसांनी माती तयार केली, आणि त्या मातीत बटाटे पिकवले.

त्या किनाऱ्याने शेवाळावर आणखीही पोट भरलं आहे. पूर्वी शेवाळ वाळवून भट्टीत जाळायचे. त्या राखेतला सोडा काच आणि साबण बनवायला जायचा. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हे शेवाळाच्या राखेपासून सोरा करायच्या खटपटीत असताना त्यांना जांभळी वाफ दिसली, आणि आयोडिनचा शोध लागला. मग आयोडिनसाठीही राख विकली जाऊ लागली. ते धंदे गेले. स्नानगृहंही गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडभर अशी सुमारे ३०० स्नानगृहं होती असं सांगितलं जातं. आज ती बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. घरोघरी गरम पाण्याचे नळ आले, गोळ्या-औषधं आली, स्वस्त विमानांनी लोक उन्हाच्या देशांत सुट्टीला जाऊ लागले. एनिस्क्रोनचं स्नानगृह टिकलं, कारण एका कुटुंबाने ते बंद केलं नाही. स्लायगोजवळच्या स्ट्रँडहिलला ह्या शतकाच्या सुरुवातीला नव्याने शेवाळस्नान सुरू झालं. तिथे थाट आधुनिक आहे आणि त्वचेसाठीच्या बाटल्या-डब्याही विकतात. शेवाळ मात्र तेच.

त्या बाटल्या-डब्यांमुळे शेवाळाला पुन्हा भाव आला आहे. सौंदर्यप्रसाधनं, खतं, पशुखाद्य, सगळ्यांना ते हवं आहे. आयर्लंडमधली अरमारा तेओरांटा ही शेवाळावर प्रक्रिया करणारी सरकारी मालकीची कंपनी २०१४ साली कॅनडाच्या अकॅडियन सीप्लँट्सकडे गेली. तेव्हा कॉनेमारा भागात पिढ्यानपिढ्या शेवाळ कापणाऱ्या लोकांनी आवाज उठवला. आजोबांपासून आम्ही हा खडक कापतो आणि राखतो, उद्या त्यावर हक्क कोणाचा? असा त्यांचा प्रश्न होता. मला तो महत्त्वाचा वाटतो. खडक आपला आहे असं ज्याला वाटतं तो गाठ राखून कापतो. फक्त वजनाचे पैसे मिळणार असतील तर गाठ कोण राखेल? टबातला मऊपणा शेवटी त्या कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. आम्हा बडोदेकरांना समुद्र म्हटलं की परका वाटतो, पण द्वारकेजवळचं ओखामंडळ एकेकाळी बडोदे संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून तिथल्या सागरी जीवांची पाहणी करून घेतली आणि त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला. ओख्याचे खडक समुद्रशेवाळासाठी आजही अभ्यासकांना ठाऊक आहेत. भावनगरला १९५४ पासून मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथे शेवाळावरही काम चालतं. गोव्याच्या आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवर पावसाळा सरला की हिरवी, तपकिरी, तांबूस शेवाळं दिसू लागतात. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर कोळी बायका कित्येक वर्षं पाण्यात बुडी मारून शेवाळ काढतात, आणि त्यातल्या अनेकींनी आपणहून महिन्यातले ठरावीक दिवसच काढायचं असा नियम घालून घेतला आहे. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तमिळनाडूत समुद्रशेवाळाचं मोठं उद्यान उभारण्याची घोषणाही झाली. म्हणजे आपल्याकडेही शेवाळाला भाव येतो आहे. कापणाऱ्याचा हक्क आणि खडकावरची गाठ, दोन्ही राखायची वेळ आपल्यावरही येणार.

आता आपल्या तरुण वाचकांसाठी चार कामाच्या गोष्टी. शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने तुमच्यापैकी पुष्कळजण आयर्लंडला जाता. स्लायगोची एक फेरी जरूर करा, पण सुट्टीच्या दिवसांत वेळ आधी ठरवून जा. स्नानाआधी पोटभर जेवू नका. चांदीचे दागिने काढून ठेवा, खारं पाणी आणि शेवाळ यांनी ते काळवंडतात. ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे, रक्तदाब कमी-जास्त होतो, हृदयविकार आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. अंगावर उघडी जखम असेल तर थांबावं. वडीलधाऱ्यांना बरोबर नेलंत तर टबातून उठताना हात द्या. गरम पाण्यातून एकदम उठलं की भोवळ येते, आणि टब तर शेवाळाने निसरडा झालेला असतो. "जपून, शेवाळ आहे" हे घरचं वाक्य तिथेही लागू पडतं.

घरी करून पाहायचं असेल तर ओख्याच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरून शेवाळ उपटून आणू नका. कच्छच्या आखातातला बराच भाग सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथून काहीही आणणं हा गुन्हा आहे. शिवाय शेवाळ आसपासच्या पाण्यातले जड धातू शोषून घेतं. शहराजवळच्या, बंदराजवळच्या पाण्यातलं शेवाळ अंगाला लावण्याजोगं नसतं. खाण्यासाठी म्हणून तपासून विकलेलं सुकं तपकिरी शेवाळ मिळालं तर मूठभर पातळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधा, गरम पाण्यात अर्धा तास भिजू द्या, मग पुरचुंडी पिळून निघालेला बुळबुळीत रस हातापायांना लावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस वाट पाहा. खाज किंवा लाली आली तर नाद सोडा. नंतर साबण नको, साध्या पाण्याने धुतलं तरी पुरे. बादलीच्या पाण्यात एवढंच होतं, आणि एवढ्यानेही हात मऊ लागतात.

बाकी, समुद्राच्या पाण्यात तासभर निवांत पडून राहायचं तर किनाऱ्यावरच जावं लागतं, आणि तेही ओहोटीने शेवाळ हाती दिलेलं असेल तेव्हा. डब्लिनहून निघताना मुलाने विमानतळावर शेवाळाची क्रीमची डबी घेऊन दिली. सासूबाईंनी ती उघडून बोटाने चाचपली आणि झाकण लावून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ठेव तुला. ह्यात समुद्र नाही."